पत्र कुठे पोचेल?

एप्रिल संपत आला की आमच्या कार्यालयात कोऱ्या पोस्टकार्डांचा गठ्ठा येतो. गेली कितीतरी वर्षं तो सुमनताई स्वतः जाऊन आणायच्या. पोस्टातून परतताना त्या वाटेत कुठेतरी उसाचा रस पीत आणि वर आल्यावर रुमालाने तोंड पुसत म्हणत, "आली बघा आपली यंत्रसामग्री." यंदा तो गठ्ठा मी आणला. रस प्यायले नाही. जिना चढून आले, गठ्ठा त्यांच्या टेबलाच्या डाव्या खणात ठेवला आणि शेजारच्या स्टुलावर बसले. सुमनताई गेल्या त्याला आता तीन महिने होतील. त्यांच्या खुर्चीत मी अजून बसत नव्हते.

आमचं कार्यालय सदाशिव पेठेत, चष्म्याच्या दुकानावर, दुसऱ्या मजल्यावर आहे. दोन खोल्या, चार कपाटं आणि रस्त्याच्या बाजूला एक खिडकी. ज्यांना डोक्यावर छप्पर नाही त्यांच्यासाठी ही संस्था काम करते. जेवण वाटणाऱ्या, पांघरुणं वाटणाऱ्या संस्था इतर आहेत. आमचं काम कागदाचं. नियम कुठे अडतो ते शोधायचं, तो कसा बदलता येईल ते लिहायचं आणि लिहिलेलं घेऊन सरकारी टेबलांसमोर उभं राहायचं. दर उन्हाळ्यात महाविद्यालयांतली मुलं इथे दोन महिने शिकायला येतात. बारा-तेरा वर्षांपूर्वी अशाच एका उन्हाळ्यात मीही आले होते. एम.ए.चं पहिलं वर्ष संपलं होतं. धोरण या विषयावरची बरीच पुस्तकं वाचून झाली होती आणि मला त्यातलं बरंच समजतं असं मला वाटत होतं.

पहिल्याच दिवशी सुमनताईंनी एक कोरं कार्ड पुढे सरकवलं. "अहो संशोधक, यावर तुमचा स्वतःचा पत्ता लिहा. घर क्रमांक, इमारतीचं नाव आणि पिनकोड सोडून."

मी हसले. मग लिहायला बसले आणि अर्धा तास नुसती बसूनच राहिले. एकवीस वर्षं ज्या घरात वाढले, ते आकडे आणि पाटी वगळून मला सांगताच येईना. जिन्यापाशी कसलं झाड आहे, हे आठवेना. समोरच्या दुकानदाराचं नाव माहीत नव्हतं. शेवटी मी 'क्लासच्या मागे' एवढंच लिहिलं.

"सदाशिव पेठेत क्लासच्या मागे," सुमनताई कार्ड वाचत म्हणाल्या. "म्हणजे पोस्टमन निवृत्त होईपर्यंत हिंडेल बिचारा."

मग त्यांनी कामाची रीत सांगितली. फुटपाथवर राहणाऱ्या माणसाला पत्ता आहे का, असं कधी विचारायचं नाही. 'तुम्हाला पत्र पाठवलं तर ते कुठे पोचेल?' असं विचारायचं. जे उत्तर येईल ते त्याच शब्दांत वहीत उतरवायचं आणि त्याच शब्दांत कार्डावर लिहून कार्ड टपालात टाकायचं. कार्ड मिळालं की ते अर्जाला जोडायचं. पोस्टाचा शिक्का असलेलं कार्ड पाहिल्यावर 'यांना पत्ताच नाही' असं म्हणणं टेबलापलीकडच्या साहेबाला जरा जड जातं.

"आणि भाषा सुधारायची नाही," त्या म्हणाल्या. "ते तुम्हाला फार जड जाईल, मला दिसतंय."

तो उन्हाळा मला सर्वांत आधी वासांनी आठवतो. पहाटे साडेपाचला विश्रांतवाडीच्या बसमध्ये चढलं की खिडकीतून येणारा, उजाडण्यापूर्वीचा तेवढाच गार वारा. आळंदी रस्त्यावर कुठेतरी टोपलीतून उतरणाऱ्या मोगऱ्याचा वास. चहाच्या गाडीवर कुटलेलं आलं. आणि पाण्याच्या जुन्या टाकीच्या भिंतीपाशी पोचल्यावर कापसाचा वास. कापसाला वास असतो हे मला तोवर ठाऊक नव्हतं. थोडा धुळीचा, थोडा उन्हात तापलेल्या खोळीचा, झोपेसारखा वास.

तो हलीमाआपांचा वास होता. आपा तिथे गाद्या भरायच्या. त्यांचे पती पिंजारी. पुण्यातच तीन पिढ्या हेच काम. पती वारले, राहती खोली दिरांच्या ताब्यात गेली, आणि आपा आपली लांब सुई, दोऱ्याचे गुंडे आणि एक पेटी घेऊन टाकीच्या भिंतीशी आल्या, त्याला सात वर्षं झाली होती. जुन्या रेशनकार्डावर पतीच्या नावाखाली त्यांचं नाव होतं. ते कार्डही त्या खोलीबरोबर गेलं. आता त्यांना नवं हवं होतं.

"धान्यासाठी हवंय ना आपा?" मी फॉर्म भरताना विचारलं होतं.

"धान्य तर हवंच हाय, पोट हाय ना," त्या सुईत दोरा ओवत म्हणाल्या. "पण बेटी, त्यात पयलं नाव कुणाचं येतं? घरातल्या मोठ्याचं. आता माझ्या घरात मीच मोठी आन मीच धाकटी. तर पयल्या ओळीत 'हलीमा' येईल का, ते सांग."

येईल, मी म्हणाले. चाळीस-पंचेचाळीस वर्षांत कुठल्याच कागदाच्या पहिल्या ओळीत आलं नव्हतं ते नाव.

मग मी ठरलेला प्रश्न विचारला. आपांनी सुई खोळीत टोचून ठेवली आणि रस्त्याकडे बघत सावकाश सांगितलं. मी वहीत उतरवलं. ती वही अजून माझ्याकडे आहे, म्हणून शब्दाला शब्द देते: "आळंदी रोड, विश्रांतवाडी. पाण्याची जुनी टाकी, तिची मागची भिंत. भिंतीला शिरीष चिकटलाय. सकाळी त्याच्या सावलीत गादीवाली हलीमा. अकरानंतर सावली पल्याड सरकते, तवा पंक्चरवाल्याच्या बाकावर."

आज वाचताना मला यापेक्षा चोख पत्ता सुचत नाही. त्यात जागा आहे आणि वेळही आहे. पण त्या दिवशी दुपारी कार्यालयात परतून संगणकावर तक्ता भरायला बसले तेव्हा मला तो मजकूर ओबडधोबड वाटला. तक्त्यात रकाने होते: इमारत, रस्ता, परिसर, पिनकोड. सावली कुठल्या रकान्यात लिहायची? मी वहीतल्या ओळींवर एक तिरपी रेघ मारली. टाकीसमोर एक नवी सोसायटी होती. तिचं नाव, 'च्या समोर', रस्ता, पिनकोड असं सगळं नीट भरलं. मला समाधान वाटलं. आपांसाठी आपण काहीतरी चांगलं केलं, त्यांना जरा बऱ्या वस्तीत नेऊन बसवलं, असंही कुठेतरी वाटलं असणार. टपालाचं कार्ड त्याच पत्त्यावर गेलं. कार्ड पोचायची वाट न बघता अर्जही त्याच पत्त्यानिशी गेला, कारण मला त्या आठवड्यात अकरा अर्ज पुरे करायचे होते आणि माझा पत्त्यावर पूर्ण विश्वास होता.

मे महिन्यात पुण्याची दुपार कशी असते हे इथल्या माणसाला सांगायला नको. खिडकीचा पडदा ओला करून लावलेला, खाली चष्म्याच्या दुकानाचं शटर अर्ध्यावर. अशा एका दुपारी आमचा पोस्टमन वर आला आणि त्याने माझंच कार्ड माझ्या हातात ठेवलं. त्यावर लाल शाईत लिहिलं होतं: 'या नावाची व्यक्ती येथे राहत नाही.'

मी ते सुमनताईंना दाखवलं. त्यांनी वही मागितली. तिरपी रेघ बघितली. तिच्यावरून बोट फिरवलं. बाहेर कोणीतरी स्कूटर किकवर किक मारून सुरू करत होतं, ती काही सुरू होत नव्हती.

"अर्ज?" त्यांनी विचारलं.

"यावरच गेलाय."

"म्हणजे चौकशीची नोटीस यावरच येणार."

मी रेशनच्या त्या कार्यालयात फोन लावला. नोटीस मागच्या आठवड्यातच रजिस्टर टपालाने निघाली होती. त्यांची पद्धत सरळ होती: दिलेल्या तारखेला अर्जदार नोटीस हातात घेऊन हजर झाला तर अर्ज पुढे, नाहीतर बंद. पुन्हा अर्ज पावसाळ्यानंतर. तारीख चार दिवसांवर होती.

मला वाटलं, ताई आता तिथल्या कुणा साहेबांना फोन करतील. त्यांच्या ओळखी होत्या. त्यांनी वही मिटून माझ्याकडे दिली.

"पत्ता तुम्ही बदललात. पत्र तुम्ही शोधा."

त्या वेळी त्या मला कठोर वाटल्या. आज त्यांच्या जागी मी आहे, आणि त्या दिवशी त्यांनी फोनवरचा हात मागे घेतला होता, हे मला आज आठवतं. तेव्हा पाहिलं होतं, पण त्याचा अर्थ लागला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी टाकीपाशी गेले. आपा शिरीषाखाली होत्या. समोर गादी नव्हती, कापूस नव्हता. नुसत्या बसल्या होत्या, हात मांडीवर ठेवून.

"आज काम नाही का आपा?"

"वाघोलीला होतं. हॉस्टेलात मुलींच्या गाद्या भरायच्या होत्या, पंधरा-वीस. नाही गेले."

"का?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. एवढं शिकलेल्या मुलीला हेही सांगावं लागतं, असा तो चेहरा होता. "तुला पत्ता दिला ना मी? पत्ता दिला की तिथं बसावं लागतं, बेटी. पत्र आलं आन माणूसच नाही, मग पत्ता खोटा पडला ना."

पत्ता दिल्या दिवसापासून त्या तिथून हलल्या नव्हत्या. सकाळी शिरीषाखाली, अकरानंतर बाकावर. माझ्या वहीत जसं लिहिलं होतं तसं.

मी त्यांना खरं सांगितलं. सांगताना मान वर झाली नाही. आपांनी ऐकून घेतलं, मग मोठ्याने पंक्चरवाल्याला हाक मारली. "अरे ऐकलंस का? ह्या पोरीनं मला बिल्डिंगीत राहायला पाठवलं! आन मी येडी हितं बसलीय, तिकडं लिफ्टमधून पत्र वर-खाली होतंय!" तो हसला, त्याच्याकडचं गिऱ्हाईक हसलं, आणि आपाही हसल्या. त्यांच्या हसण्यात मला जी शिक्षा मिळाली ती सुमनताईंच्या त्या दोन वाक्यांपेक्षा जास्त होती. मग हसू आवरून त्या हळूच म्हणाल्या, "पयल्या ओळीचं काम राहील का गं आता?"

सोसायटीच्या फाटकावरच्या पहारेकऱ्याने सांगितलं, अशी दोन पत्रं आली होती, एक कार्ड आणि एक सहीचं. दोन्ही परत दिली. मी पोस्टात गेले. तिथल्या बाईंनी एका पोस्टमनकडे बोट दाखवलं. साठीकडे झुकलेले गायकवाडकाका, जवळच्याच, आता शहरात आलेल्या एका गावचे. सायकलला पिशव्या अडकवत होते.

"हलीमा?" त्यांनी भुवया वर केल्या. "कोण, गादीवाली?"

"तुम्ही ओळखता त्यांना?"

"वळखतो म्हंजी? माझ्या लेकीच्या लग्नातल्या गाद्या तिनंच भरल्यात की. ती हाय ना टाकीमागं." मग त्यांना उलगडा झाला. "आन ते सोसायटीचं पत्र तिचं व्हय? अवो मॅडम, त्यावर सोसायटीचं नाव ठळक लिवलेलं. मी म्हणलं आसंल कुणी दुसरी हलीमा, फ्लॅटातली. नुसतं 'गादीवाली' लिवलं आसतं तर डोळं झाकून दिलं आसतं."

"ते पत्र कुठे आहे आता?"

"सात दिस ठिवतो आमी. उद्या माघारी जाईल."

काकांनी आतून ते लांबट पाकीट आणलं, पण हातात दिलं नाही. नियम होता, पत्र ज्याचं त्यालाच. त्यांनी एक चिठ्ठी आणि पेन पुढे केलं. "हितं बराबर पत्ता लिवा, पत्ता बदलल्याचा अर्ज म्हणून. आन तिच्या तोंडचा लिवा. तुमचा नगं."

मी पिशवीतून वही काढली. तिरप्या रेघेखालून एकेक शब्द वाचत उतरवला. काका शेजारी उभे राहून ऐकत होते. 'अकरानंतर' आलं तेव्हा त्यांनी मान डोलावली. "बराबर हाय. माझी फेरी तिकडं साडेअकराला आसती. बाकावरच गावती ती."

साडेअकराला मी टाकीपलीकडे उभी होते. उन्हाने रस्ता पांढरा झाला होता. सायकल आली. आपा बाकावरून उठल्या, ओढणी डोक्यावर नीट घेतली, दोन्ही हात ओढणीच्या टोकाला पुसले. काकांनी एरवीसारखं 'काय गं हलीमा' म्हटलं नाही. पाकिटावरचं नाव पूर्ण वाचलं, वडिलांच्या नावासकट, आणि विचारलं, "आपणच का?"

"मीच," आपा म्हणाल्या.

त्यांनी उर्दूत सही केली, उजवीकडून डावीकडे, सावकाश. मग पाकीट न उघडता माझ्याकडे दिलं. "वाच. आन नीट वाच, सुधारून वाचू नको."

तारखेला त्या नोटीस घेऊन गेल्या. मी बरोबर होते. माझं काम फक्त बाहेर बसण्याचं होतं, ते मी केलं. जूनच्या अखेरीस रेशनकार्ड आलं आणि पहिल्या ओळीत हलीमा होतं. त्या उन्हाळ्याचं माझं टिपण सुमनताईंनी चार वेळा परत केलं. पाचव्या वेळी मी सगळी प्रस्तावना काढून टाकली आणि सुरुवातीलाच दोन पत्ते एकाखाली एक दिले: माझा, जो पोचला नाही, आणि आपांचा, जो पोचला. खाली दोन्हींची हकिगत. ते वाचून त्या कार्यालयाने आपल्यापुरतं मान्य केलं की अर्जदाराने वर्णन करून सांगितलेला पत्ता जसाच्या तसा स्वीकारला जाईल. एवढीच एक ओळ. तिच्यामागून नंतर किती माणसं आत गेली, ते मी पाहिलं आहे. मोठ्या शब्दांवर माझा आता फारसा विश्वास नाही, पण अशा एका ओळीवर आहे.

यंदाच्या मुलांमध्ये सई नावाची एक मुलगी आहे. हुशार, घाईची. पहिल्याच आठवड्यात ती विश्रांतवाडीहून आली आणि टॅब माझ्यापुढे धरला. "मुक्ताताई, बघा ना, ॲप लोकेशन घेऊन ॲड्रेस आपोआप फिल करतं. एकदम ॲक्युरेट. टायपिंगची गरजच नाही."

पडद्यावर एका सोसायटीचं नाव होतं. मी बघत राहिले. मला हसू आलं, आणि शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे बघावंसं वाटलं.

"त्या बाईंनी काय सांगितलं होतं?" मी विचारलं.

"त्यांनी खूप काय काय सांगितलं. रसवंतीच्या घुंगरांचा आवाज येतो तिथे, वगैरे. ते कुठे टाकणार?"

मी तिला माझी जुनी वही दिली आणि तिरपी रेघ दाखवली. तिने ती गोष्ट ऐकली. मध्ये एकदाही तिने फोन बघितला नाही. मग टॅबवर खटपट करून तिने सर्वांत खाली एक मोकळी चौकट शोधून काढली, 'इतर माहिती' अशी. "इथे मावेल," ती म्हणाली. "पण ताई, हा रकाना वर हवा. पहिला हवा. हे आपण लिहून दिलं पाहिजे त्यांना." तिचं टिपण मला तिथेच सुरू झालेलं दिसलं.

सुमनताईंच्या नावाची पत्रं अजून येतात. एका मासिकाचा अंक, कुठल्याशा परिषदेचं निमंत्रण. आमच्या पोस्टमनने मागच्या महिन्यात दबकत विचारलं, "ह्या बाईंची परत पाठवू का? तसा शेरा मारावा लागेल." मी म्हटलं, नको. देत जा. त्यांतच माझ्या नावाचं एक पोस्टकार्ड होतं, कोणाकडून तरी लिहवून घेतलेलं. हलीमाआपांना आता टाकीपासून जवळच भाड्याची खोली आहे. त्यांना बातमी उशिरा कळली होती. कार्डावर लिहिलं होतं: 'ताई गेल्या ऐकलं. त्यांच्या खुर्चीवरची गादी मीच भरलेली हाय, बसून बसून दबली आसंल. कोण बसतं आता तिथं, कळव. नवी भरून देते. पत्र खोलीवर नको, टाकीपाशीच टाक. दिवसभर तिथंच आसते.'

कोण बसतं, या प्रश्नाला मी आठवडाभर उत्तर लिहिलं नाही.

पहिल्या दिवसाचा परिपाठ यंदा जरा उशिराच झाला. मुलांनी आपापले पत्ते आकड्यांशिवाय लिहिले, खोडले, आणि सगळी हसली. सगळ्यांचे झाल्यावर सई म्हणाली, "ताई, तुमचा राहिला की. मी लिहिते, तुम्ही सांगा. तुम्हाला पत्र कुठे पोचेल?"

मुलं वाट बघत होती. खिडकीतून उन्हाची तिरीप टेबलावर आली होती. या दिवसांत ती साडेनऊला येते आणि अकराच्या सुमाराला खणाच्या मुठीवरून खाली उतरते. हे मला ठाऊक होतं. बारा वर्षांपूर्वी ज्या मुलीला स्वतःच्या जिन्याजवळचं झाड सांगता आलं नव्हतं तिला आता एवढं येत होतं.

"लिही," मी म्हणाले. "सदाशिव पेठ. चष्म्याच्या दुकानावर, दुसरा जिना, कठड्याचा तिसरा गज सैल आहे. आत आल्यावर रस्त्याकडची खिडकी. तिच्याशी सुमनताईंची खुर्ची. मुक्ता त्या खुर्चीत."

सईने एकही शब्द न सुधारता लिहून घेतलं आणि कार्ड पेटीत टाकलं.

चौथ्या दिवशी जिन्यावर पोस्टमनची पावलं वाजली. सैल गज खणाणला. मी सकाळपासून खुर्चीत बसले होते. गादी खरंच दबली आहे. पण पत्ता दिला होता, बसणं भाग होतं.